उसनवारीचा सिनेमा

गोरेगावात सिनेमाला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट भाड्याने मिळते. कोर्ट मिळतं, इस्पितळाचा वॉर्ड मिळतो, देऊळ मिळतं, तुरुंग मिळतो. पोलिसाची वर्दी मापात मिळते, पाऊस टँकरच्या हिशेबाने मिळतो, वरातीतली गर्दी शिफ्टच्या हिशेबाने मिळते. पूर्वेला आरे कॉलनीला लागून राज्य सरकारने १९७७ साली उभारलेली चित्रनगरी आहे. पश्चिमेला स्वामी विवेकानंद रस्त्यावर फिल्मिस्तान उभा राहिला. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोककुमार आणि मंडळींनी १९४३ मध्ये तो काढला. एक कंपू फुटायचा आणि त्यातून दुसरा उभा राहायचा, ही रीत इथे तेव्हापासूनची.

पहाटे साडेचारला फोन उचलून ‘निघालोच’ म्हणणारा मित्र मात्र या उपनगरात कुठेही भाड्याने मिळत नाही. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचा सिनेमा उभा राहतो तो त्याच्याच जिवावर. हे पुस्तक अशांसाठी आहे. ‘लो बजेट’ हा शब्द धंद्यात फार सैल वापरतात. दीड-दोन कोटींच्या सिनेमालाही तिथे लो बजेट म्हणतात आणि म्हणताना आवाजात थोडी दया असते. इथे तो अर्थ नाही. पगारातून बाजूला टाकलेले पैसे, ऑफिसातून जोडून घेतलेली रजा, मावशीचा रिकामा फ्लॅट, कॉलेजातल्या नाटकाच्या ग्रूपमधली पाच-सात टाळकी आणि त्यातल्याच एकाचा कॅमेरा, एवढ्यावर जो सिनेमा होतो, त्याबद्दल आपण बोलतो आहोत.

अशा सिनेमाबद्दल जे लिहिलं जातं, त्यात एक ठरलेला सूर असतो: जिद्द, झपाटलेपण, पैसा नव्हता पण स्वप्न होतं. मला तो सूर फारसा पटत नाही. पैसा नव्हता म्हणजे खर्च झाला नाही असं नसतं. खर्च झाला, तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून. ज्या मित्राने पंधरा रविवार माइकचा बूम धरला, त्याच्या घरी पंधरा रविवार कुणीतरी त्याची वाट पाहत होतं. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी वाण्याचा आहे. बजेटच्या कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात रोख खर्च. दुसऱ्यात जे जे उसनं घेतलं ते, बाजारात त्याला जो दर पडला असता त्या दराने: कॅमेरा, फ्लॅट, गाडी आणि सगळ्यात आधी माणसांचे दिवस. पहिला रकाना तीन लाखांवर थांबला तर दुसरा कितीतरी पुढे जातो, आणि तो बघून जो दचकत नाही त्याने सिनेमा करू नये.

या प्रकारच्या सिनेमाचा आपल्याकडचा पहिला जमाखर्च दादासाहेब फाळक्यांचा. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि दादरच्या राहत्या घरालाच त्यांनी कारखाना केला. फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, कापायची, ही कामं सरस्वतीबाई करत, आणि त्याच सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंखे ती झाले. ही गोष्ट सांगताना लोक बाई होण्यासाठी मिशी काढण्याच्या गमतीपाशी थांबतात. मला त्यातला वेगळा तपशील महत्त्वाचा वाटतो. साळुंख्यांना हॉटेलात महिना दहा रुपये मिळत होते, आणि फाळक्यांनी त्यांना पंधरा देऊ केले. विमा गहाण, बायको अष्टौप्रहर कामाला, तरी बाहेरच्या माणसाला त्याच्या चालू पगारापेक्षा जास्त. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंखेच होते. माणूस टिकला, यामागे हा वाढीव पाच रुपयांचा हिशेबही असणारच.

पण सरस्वतीबाईंच्या दिवसांचा रकाना? तो कुणी मांडला नाही. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) पाहताना आपण हसतो, आणि हसायचंच आहे, परेश मोकाशींनी तो तसाच खेळकर केला आहे. तरीही घरातली भांडीकुंडी एकेक करून नाहीशी होताना दिसतात, तेव्हा कुणाच्या संसारावर हे सगळं चाललंय ते लक्षात येतं. आजही मित्रांच्या सिनेमात दुपारचं जेवण बहुतेक वेळा कुणाच्या तरी आईच्या ओट्यावरून येतं. वीस माणसांचा भात, आमटी, दोन भाज्या, आणि दिग्दर्शकाला वाटतं की जेवणाचा खर्च वाचला.

फाळक्यांची पुढची गोष्टही या पुस्तकाच्या वाचकाने वाचावी. १९१८ मध्ये नाशकात भांडवलवाल्या भागीदारांबरोबर त्यांनी हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. थोड्याच काळात खटके उडाले. फाळके राजीनामा देऊन काशीला निघून गेले, तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, आणि पुढे पुन्हा कंपनीत परतले. कोल्हापूरची प्रभात १ जून १९२९ रोजी सुरू झाली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून एकत्र बाहेर पडलेले दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी, असे पाच जण. ‘संत तुकाराम’सारखा सिनेमा या घरातून आला. आणि १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडून परळला राजकमल काढते झाले. इतक्या गुणी माणसांचं जर जमेनासं होतं, तर दिंडोशीच्या कट्ट्यावर चहा पिता पिता केलेल्या भागीदारीचं काय होणार, हे आधीच धरून चालावं. फुटणं वाईट नाही. काहीच लिहून न ठेवता फुटणं वाईट.

त्यासाठी वकील लागत नाही. एक कागद पुरतो: पैसे कुणी किती घातले, परत आले तर कोणत्या क्रमाने वाटायचे, सिनेमा कुणाच्या नावावर, आणि एखादा मधेच गेला तर त्याने केलेल्या कामाचं काय. आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा पहिला मालक निर्माता मानला जातो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. ‘आपण सगळेच निर्माते’ हे वाक्य कट्ट्यावर फार गोड वाटतं. चित्रपट विकायची वेळ आली आणि समोरच्याने हक्काचे कागद मागितले, की त्या वाक्याचा काही उपयोग होत नाही. पटकथा, संगीत, कलाकारांची संमती, घरमालकाचं पत्र, सगळं शूटिंगआधी सहीनिशी घ्यावं. नंतर माणसं हरवतात, परदेशी जातात, आणि कधी कधी रुसतात.

मालेगावची गोष्ट मी इथे जरा लांबवणार आहे, कारण महाराष्ट्रात मित्रांच्या सिनेमाचं याहून अस्सल उदाहरण मला माहीत नाही. व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख सिनेमे बघून बघून आणि कापाकापी करून संकलन शिकला. २००० साली त्याने आणि त्याच्या दोस्तांनी ‘मालेगाव के शोले’ केला. बसंतीची बासमती झाली, गब्बरचा रबर झाला, आणि घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवरून आले. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, त्यात हीच मंडळी आपला सुपरमॅन बनवताना दिसतात. बैलगाडीचा सांगाडा क्रेन होतो, सायकल ट्रॉली होते. कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं काम थांबतं. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडी, आणि शूटिंगच्या मधेच त्याचं लग्न ठरतं. लेखक फरोग जाफरी मुंबईबद्दल बोलतात तेव्हा त्यातलं हसू हळूहळू विरत जातं. शफीक पुढे २०११ मध्ये कॅन्सरने गेला. रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये थिएटरांत आला, त्यातही मित्रांचं तुटणं आणि शफीकसाठी पुन्हा जमणं हाच कणा आहे.

मालेगावकडून घ्यायचं ते जुगाड नव्हे. जुगाडाचं कौतुक आता पुरे झालं. घ्यायचं ते असं, की त्यांनी आपल्याकडे काय नाही याची यादी केली आणि प्रत्येक नसलेल्या गोष्टीचा विनोद केला. घोड्याऐवजी सायकल हा नाइलाज राहिला नाही, तोच सिनेमा झाला. आपल्याकडचे बरेच तरुण नेमकं उलटं करतात. मोठ्या सिनेमासारखं दिसावं म्हणून आहे तो सगळा पैसा एका ड्रोनमध्ये घालतात, आणि मग संवाद ऐकू येत नाहीत.

आवाजाबद्दल तर स्वतंत्र प्रकरणच पुढे आहे, पण इथेही थोडं बोलतो. गोरेगावातल्या वन बीएचकेत शूट करणं म्हणजे लोकल, कुकर, खालच्या मजल्यावरचं ड्रिलिंग आणि रिक्षांचे हॉर्न यांच्याशी वाटाघाट. लोकलचा आवाज प्रेक्षक माफ करतो, कारण खिडकीबाहेर गाडी असणं त्याला पटतं. अडचण एवढीच की पहिल्या वाक्यात गाडी आहे आणि जोडून आलेल्या दुसऱ्या वाक्यात नाही. म्हणून प्रत्येक जागेचा अर्धा-एक मिनिट नुसता आवाज घ्यायचा, कुणीही न हलता, न बोलता. रूम टोन म्हणतात त्याला. वीस माणसांना घामाघूम अवस्थेत पंख्याशिवाय स्तब्ध उभं करणं ही साउंडवाल्याची रोजची सत्त्वपरीक्षा. त्याहून अवघड शत्रू फ्रिज. त्याची घरघर कानाला जाणवत नाही, माइकला जाणवते. म्हणून शॉटआधी फ्रिज बंद करतात, आणि पॅकअपच्या घाईत चालू करायचा राहतो. यावर धंद्यातला जुना इलाज आहे: ज्याने फ्रिज बंद केला त्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. घरी जाताना किल्ली शोधतो, तेव्हा फ्रिज आठवतो. दुसऱ्या रकान्याचा सन्मान म्हणतात तो हाच. मित्राच्या आईचं दूध, दही आणि फ्रीझरमधलं पापलेट शाबूत राहिलं, तर पुढच्या रविवारीही ते घर मिळतं.

जागेचं म्हणाल तर गोरेगावकराला सगळ्यात आधी आरे आठवतं. १९४९ मध्ये दुग्धवसाहत म्हणून वसवलेला हा हिरवा पट्टा मुंबईतल्या किती सिनेमांत काश्मीर, कोकण आणि चंबळ म्हणून उभा राहिला आहे, त्याची गणती नाही. पण आरेतही परवानगी लागते, आणि तिथले वारली पाडे हे कुणाचं तरी घर आहे, लोकेशन म्हणून बांधलेलं नाही. बिबट्याही तिथे राहतो, त्याला कॉल शीट देता येत नाही. सूर्य गेल्यावर गवतात ट्रायपॉड लावून बसू नये, इतकं साधं भान ठेवलं तरी पुष्कळ. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आल्यापासून परवानग्यांचे हेलपाटे कमी झाले आहेत. रेल्वेचं दार मात्र अजून वेगळं ठोठावावं लागतं.

चोरून शूटिंग करावं का, हा प्रश्न प्रत्येक तरुण विचारतो. फाळक्यांची मंडळी वांगणीला तलवारी घेऊन आउटडोअरला गेली, तेव्हा गावाने त्यांना दरोडेखोर समजून पोलिसांना बोलावलं होतं. सिनेमा म्हणजे काय हे त्या फौजदाराला माहीत नव्हतं, आणि फाळके येऊन सांगेपर्यंत मंडळी अडकून पडली. आजच्या फौजदाराला सिनेमा चांगलाच माहीत आहे, त्यामुळे तो जास्त प्रश्न विचारतो. माझं मत असं: दोन माणसं, एक फोन, गर्दीतला एक पाठमोरा शॉट, इथपर्यंत ठीक. नकली बंदूक, आरडाओरडा किंवा रस्ता अडवणं आलं, की कागद हातात हवा. पकडले गेलात तर रात्र पोलीस चौकीत दिग्दर्शक काढत नाही, बहुधा ज्याच्या नावावर गाडी आहे तो मित्र काढतो.

एका गोष्टीत मात्र जुने लोक आपल्यापेक्षा शहाणे होते, आणि त्यांना शहाणं केलं ते फिल्मच्या किमतीने. ३५ मिमीचा हजार फुटांचा डबा चोवीस फ्रेमच्या वेगाने अकरा मिनिटांत संपतो. प्रत्येक टेकला पैसे जळताना दिसत, म्हणून तालीम होई. सत्यदेव दुब्यांनी १९७१ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणलं, तेव्हा त्यांच्याकडे पैसे नव्हते पण सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे अशी नाटकात मुरलेली माणसं होती, आणि कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. तिकडे लंडनमध्ये ख्रिस्तोफर नोलनने ‘फॉलोइंग’ (१९९८) नोकऱ्या सांभाळणाऱ्या मित्रांना घेऊन जवळजवळ वर्षभर शनिवारी शनिवारी केला. १६ मिमीची फिल्म पुरवायची म्हणून नाटकासारख्या तालमी करून एक-दोन टेकमध्ये शॉट घेतले. आता मेमरी कार्ड फुकट असल्यासारखं आहे, म्हणून सतरा टेक होतात. फुकट फक्त कार्ड आहे. सतराव्या टेकला बूम धरणाऱ्याचे हात थरथरत असतात आणि नटाचा चेहरा विझलेला असतो. तालीम घरी, गच्चीत, केशव गोरे स्मारकासारख्या एखाद्या सभागृहाच्या खोलीत करा. सेटवर फक्त निर्णय घ्या. (आणि दिवसाचं फुटेज त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवा. हे वाक्य पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं, संपादनात ते मुद्दामच काढलेलं नाही.)

मराठीत हे साधलेलंही आहे. ‘श्वास’ मित्रमंडळींनी पैसे एकत्र करून काढला. आजोबांचं काम करणारे अरुण नलावडे निर्मात्यांमध्येही होते. ‘श्यामची आई’नंतर तब्बल अर्ध्या शतकाने राष्ट्रीय पुरस्कारांतला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याने २००४ मध्ये मराठीत आणला, आणि ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’चा खर्च आपल्या मापाने बराच मोठा, तरी त्याचं मूळही दोस्तीतच आहे. ताम्हाणेच्या नाटकात काम केलेला विवेक गोम्बर आधी त्याला पटकथा लिहायला सवड मिळावी म्हणून दरमहा पैसे देत राहिला, मग निर्माता झाला आणि सिनेमात वकीलही. २०१४ मध्ये व्हेनिसला त्याचं चीज झालं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते दरमहा. लिहिणाऱ्याच्या वेळेचा रकाना त्याने सिनेमा सुरू होण्याआधीच भरला.

तुमच्या सिनेमाला व्हेनिस मिळेल असं हे पुस्तक सांगत नाही. थिएटर मिळणंही कठीण आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, पोस्टर, एका आठवड्यात उतरणारे शो, दुपारी साडेबाराला मिळालेली वेळ, हे सगळं पुढे आहे. राज्य सरकारचं अनुदान आहे, पण ते सिनेमा पुरा झाल्यावर आणि परीक्षणात उतरला तर. त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये. महोत्सव, यूट्यूब, कॉलेजातले फिल्म क्लब, सोसायटीच्या गच्चीवरचा पांढरा पडदा हे मार्ग खरे आहेत, आणि त्यात कमीपणा नाही.

पैसे परत येत नाहीत असं गृहीत धरलं, तर मग दुसरा रकाना फेडायचा कसा? याचं उत्तर मुंबईतल्या चाळींनी केव्हाच शोधून ठेवलं आहे: भिशी. या महिन्यात तुझा नंबर, पुढच्या महिन्यात माझा. ज्याने तुमच्या सिनेमात लाइट धरले त्याच्या सिनेमात तुम्ही लाइट धरायचे, आणि तेही तुमचं थोडंफार नाव झाल्यावर. भिशी बुडते ती पहिला नंबर लागलेला माणूस पुढचे हप्ते चुकवतो तेव्हा. गोरेगावातले कितीतरी कंपू एकाच सिनेमानंतर विस्कटले ते याच कारणाने. सिनेमा वाईट झाला म्हणून विस्कटलेला कंपू मी पाहिलेला नाही.

पुढची प्रकरणं कामाच्या क्रमाने लावली आहेत, पण तशीच वाचायला हवीत असं नाही. ज्याचं शूटिंग पुढच्या आठवड्यात आहे त्याने आवाज आणि कागदपत्रं ही दोन आधी वाचावीत, पटकथेचं नंतर. ज्याचा सिनेमा झाला आहे त्याने शेवटून सुरुवात करावी, श्रेयनामावलीपासून. ती यादी संकलकाने एकट्याने रात्री दोनला टाइप करू नये. प्रत्येकाला त्याचं नाव व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारावं: स्पेलिंग बरोबर आहे का, वडिलांचं नाव मधे हवं का, आडनाव लग्नाआधीचं की नंतरचं. जेवण देणाऱ्या काकूंचं नाव ‘अमक्याची आई’ असं लिहू नये, त्यांचं नाव विचारून घ्यावं. डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी डिजिटल प्रत, एकदा बाहेर पडली की चुकलेली वेलांटी दुरुस्त करायला पुन्हा पैसे पडतात, आणि ते पहिल्या रकान्यात जातात.